बोनारियाचे कोरे हात

ऑपरेशन होतं खुब्याचं, पण त्या दहा दिवसांत घरात सगळ्यांचा डोळा होता तो बोनारियाच्या हातांवर.

सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला तोनिना आईला खिडकीपाशी बसवायची, बाह्या वर करायला लावायची आणि बोटांच्या टोकांपासून कोपरापर्यंत दोन्ही हात उलटसुलट करून बघायची. जुने डाग तिने मोजून ठेवले होते, उजव्या हातावर चौदा आणि डाव्यावर नऊ. पन्नास वर्षं भट्टीपुढे बसलेल्या बाईचे हात असेच असतात, त्यात नवल नाही. पण त्यात एक जरी ताजा डाग वाढला असता तरी सगळं मुसळ केरात गेलं असतं.

फ्रिजवर हॉस्पिटलचा कागद चिकटवलेला होता. रोज लाल औषधी साबणाने अंघोळ, नखं कापलेली, जमिनीवरचे गालिचे उचललेले, पलंग खालच्या मजल्यावर, खुर्ची चार बोटं उंच. तोनिनाच्या भावाने, एफिसियोने, खुर्चीच्या पायांखाली ओकचे ठोकळे ठोकले होते. मांजर बोचकारतं म्हणून त्याची रवानगी शेजाऱ्यांकडे झाली होती, आणि अंगणातल्या गुलाबाकडे बोनारियाने नुसतं पाहिलं तरी तोनिना खाकरायची. कागदाच्या तळाशी डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने दोन शब्द लिहिले होते, ‘भट्टी बंद’. खाली दोन रेघा मारलेल्या होत्या.

त्या रेघा का आल्या हे गावातल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं. मार्चमध्ये हेच ऑपरेशन ठरलं होतं. आदल्या दिवशी बोनारिया कोणाला न सांगता भट्टीपुढे बसली. ऑपरेशननंतर दीड महिना घरात पडून राहायचं, म्हणजे सगळा गाव भेटायला येणार, आणि आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला आलेल्या माणसापुढे घरच्या भट्टीची कारासाऊ, म्हणजे पातळ कडक पोळी, आणि मेंढीच्या दुधाचं चीज ठेवतात. दुकानातला पाव ठेवला तर लोक खातात, छान आहे म्हणतात आणि पुढची दहा वर्षं ते विसरत नाहीत. भट्टीच्या तोंडाशी तिच्या हाताला बोटभर चटका बसला. तिने वरून तेल लावलं, बाही खाली ओढली आणि दुसऱ्या दिवशी नुओरोच्या हॉस्पिटलात गेली. तिथे सिस्टरने बाही वर केली. उघड्या जखमेतून जंतू शिरतात आणि नव्या सांध्यात घर करतात, असं डॉक्टरांनी समजावून सांगितलं आणि तिला पिशवीसकट परत पाठवलं. पुढची तारीख मिळायला आठ महिने लागले.

आता सोमवारी ती तारीख होती. या वेळी परत पाठवावं लागलं तर नाव यादीच्या शेवटी जाईल, असं डॉक्टरांनी तोनिनाला बाजूला घेऊन बजावलं होतं. म्हणजे आणखी एक हिवाळा. गेला हिवाळा बोनारियाने कसा काढला ते तोनिनाने डोळ्यांनी पाहिलं होतं. जिन्यावरून ती पाठमोरी उतरायची, दोन्ही हातांनी कठडा धरून, एकेक पायरी. डिसेंबरनंतर तर ती चर्चलाही गेली नव्हती. वय बहात्तर, डोकं तल्लख, जीभ त्याहून तल्लख, आणि सगळं त्या एका हाडापाशी येऊन अडलं होतं.

तोनिनाने तोडगा काढला होता, नुओरोच्या बेकरीतून कारासाऊ आणू आणि घरच्या टोपलीत ठेवू, कोणाला कळतंय. बोनारिया म्हणाली, मग मी जात नाही. तीन दिवस आईलेकींचं असं चाललं. एफिसियो आईच्या बाजूने होता. तो मेंढ्या राखतो, दिवसभर माणसाशी बोलत नाही, आणि घरी आल्यावर आईच्या विरुद्ध बोलण्याची त्याच्यात ताकद उरत नाही.

चौथ्या दिवशी, कोणी विचारलं नसताना, लोरेदाना बोलली. “आपण करू की. त्यांनी नुसतं खुर्चीत बसून सांगायचं.”

टेबलापाशी सगळे तिच्याकडे वळले. लोरेदाना एफिसियोची बायको. ती काल्यारीची, म्हणजे समुद्रकाठची, आणि आमच्या डोंगरात समुद्रकाठचं माणूस म्हणजे जवळजवळ परदेशीच. लग्नाला नऊ वर्षं झाली तरी भट्टीघरात तिला कापडाच्या घड्या घालण्यापलीकडे कोणी हात लावू दिला नव्हता. तोनिनाने भावजयीकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं, आणि म्हणाली, “बरोबर बोलतेय ती.” बायको आणि बहीण एका पक्षात गेल्याचं एफिसियोने आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं आणि तो मुकाट्याने लाकडं फोडायला निघून गेला.

*

शनिवारी दिवस उजाडता उजाडता भट्टी पेटली. पंचवीस किलो पीठ आंबवणात मुरून तयार होतं. तोनिनाने आईला वडिलांचा जुना जाड कोट चढवला आणि वर एफिसियोचे मध काढायचे कोपरापर्यंतचे हातमोजे घातले. मग भट्टीघराच्या फरशीवर खडूने आडवी रेघ ओढली.

“हिच्या पुढे तू यायचं नाहीस.”

“माझ्याच भट्टीघरात?”

“तुझ्याच.”

बोनारिया खुर्चीत बसली. हातमोजे घातलेले दोन्ही हात तिने मांडीवर ठेवले. ते आपले नाहीतच अशा नजरेने ती त्यांच्याकडे बघत होती. तिथून तिला भट्टीचं तोंड दिसत होतं, आतलं काही दिसत नव्हतं.

कारासाऊ एकटीदुकटीचं काम नाही. एकीने लाटायचं, एकीने भट्टीपुढे बसून लांब दांड्याच्या फळीवरून पोळी आत सोडायची. पोळी आत गेली की अर्ध्या मिनिटात टम्म फुगते. तशीच बाहेर काढायची आणि वाफ आत असतानाच कडेने सुरी फिरवून तिचे दोन पदर सोडवायचे. उशीर झाला की पदर चिकटतात. सगळ्या झाल्या की पुन्हा एकेक आत टाकून कडक भाजायची. मग ती सहा महिने टिकते. यात अवघड काय आहे, असं फक्त ती विकत घेणारे विचारतात.

लोरेदाना लाटायला बसली आणि भट्टीपुढे तोनिना. सुरी एफिसियोच्या हातात आली, कारण दुसरं कोणी नव्हतं. पुरुषाने भट्टीघरात सुरी धरल्याचं त्याच्या आजीने पाहिलं असतं तर तिने त्याला आंबवणाच्या भांड्यात बुडवला असता.

“भट्टीचं छत पांढरं झालं का?” बोनारियाने विचारलं.

“झालं, आई.”

झालं नव्हतं. भट्टी पुरती तापली की आतली काजळी जळून छत पांढरं पडतं, पण तोनिनाने वर पाहिलंच नव्हतं. तिचं लक्ष घड्याळाकडे होतं. दुपारपर्यंत सगळं उरकून आईला आडवं करायचं, मग साबण, मग हात तपासायचे, असा तिचा हिशेब चालला होता. ती पोस्टात काम करते आणि घरही पोस्टासारखंच चालवते.

पहिली पोळी फुगली नाही. दुसरी एका कडेने उचलली आणि बसली. तिसरीला मधे एक फोड आला, बस. आमच्याकडे न फुगलेल्या पोळीला ‘घरातली’ म्हणतात. ती घरच्यांनी खायची, परक्यापुढे ठेवायची नाही. नवव्या पोळीपर्यंत सगळ्याच्या सगळ्या घरातल्या झाल्या. खुर्चीतून सूचना येत होत्या, पातळ लाट, पीठ कमी भुरभुरव, डावीकडे सरकव, आणि प्रत्येक सूचनेबरोबर तोनिनाचे हात जास्तच गडबडत होते. दहाव्या पोळीला तिचं मनगट भट्टीच्या कडेला टेकलं. तिने ओठ आवळले आणि बाही खाली ओढली. मार्चमध्ये आईने हेच केलं होतं, हे तिच्या लक्षात आलं आणि तिला स्वतःचा राग आला.

तिने फळी भिंतीला टेकवली. “मी बेकरीत फोन करते. पुरे झालं.”

बोनारियाने उजव्या हाताचा मोजा दातांनी धरला आणि ओढायला सुरुवात केली.

*

हे पहिल्यांदा लोरेदानाने पाहिलं. ती उठली आणि पिठाच्या हातांनी सासूसमोर जाऊन उभी राहिली.

नऊ वर्षांत ती या बाईला घाबरली होती, तिच्यावर चिडली होती, रात्री एफिसियोपाशी तिच्या नावाने रडलीही होती. पण आज तिला सासूच्या चेहऱ्यावर भीती दिसली, आणि ही बाई कशाला घाबरू शकते हेच तिला ठाऊक नव्हतं.

“ऑपरेशनची भीती वाटते का, आई?” तिने हळू आवाजात विचारलं.

“ऑपरेशनला कोण घाबरतंय? झोपवतात आणि कापतात.” बोनारियाने मोजा तोंडातून सोडला. “मी दीड महिना पडून राहणार. लोक येणार. माझ्या घरात दुकानातलं खाणार. आणि मग मी उठले तरी भट्टीपुढे किती दिवस बसेन? डॉक्टर म्हणतो, खाली वाकायचं नाही. मग या घरात मी कोण? खुर्चीत बसवलेली म्हातारी.”

लोरेदानाने सासूचा मोजा पुन्हा कोपरापर्यंत वर ओढला आणि तिथेच धरून ठेवला. पाठीमागे तोनिना फोन हातात घेऊन उभी होती, पण नंबर फिरवत नव्हती.

तेवढ्यात अंगणाकडचं दार ढकललं गेलं आणि आत आली गाविना.

*

गाविना बोनारियाची थोरली जाऊ, वय शहात्तर. ती समोरच राहते, मधे फक्त अंगण. अकरा वर्षांपूर्वी दोघींच्या नवऱ्यांनी घर वाटून घेतलं तेव्हा भट्टी धाकट्याच्या वाट्याला गेली. गाविनाला वाटलं, जाऊ म्हणेल, वहिनी, भट्टी तुमचीच, तुम्हीच मला शिकवलीत. बोनारिया तसं म्हणाली नाही. तेव्हापासून गाविना दुकानातला पाव आणते आणि पिशवी मुद्दाम अंगणाच्या मधून नेते. नवरे दोघेही गेले. अबोला मात्र उरला.

आज सकाळपासून ती खिडकीत बसून धूर बघत होती. धूर काळा आणि जड होता. भट्टीचं छत पांढरं व्हायची वाट न बघता कोणी पोळ्या सोडल्या आहेत हे तिला पहिल्या तासातच कळलं. पुढे वास आला, न फुगता करपलेल्या पिठाचा. ती दोनदा उठली आणि दोनदा बसली.

मार्चमध्ये याच खिडकीतून तिने बोनारियाला एफिसियोच्या गाडीतून पिशवीसकट परत येताना पाहिलं होतं. तेव्हा तिला हसू आलं होतं, हे खरं आहे. मग बोनारिया दाराच्या तीन पायऱ्या चढायला लागली आणि तिला त्या तीन पायऱ्यांना इतका वेळ लागला की गाविनाचं हसू तोंडातच राहिलं. त्या दिवशी ती जेवली नाही. आपण हसलो याची तिला लाज वाटत होती, आणि ती कोणाला सांगायची सोय नव्हती.

आमच्याकडे भट्टीला कोणाला बोलावत नाहीत. धूर दिसला की ज्याला यायचं तो येतो, आणि पिठाला हात लागलेल्या घरात आलेल्या बाईला कशाला आलीस असं विचारत नाहीत. गाविनाने याच रिवाजाचा आधार घेतला, पदर खोचावा तसा एप्रन बांधला आणि अंगण ओलांडलं.

आत येऊन ती कोणाकडे न बघता भट्टीपाशी गेली आणि वाकून आत डोकावली.

“छत काळं आहे,” ती म्हणाली. “माझ्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, तरी मला दिसतंय.”

बोनारिया लेकीकडे वळली. तोनिना लाल झाली. पन्नास वर्षांची बाई, पोस्टात सगळे जिला वचकून असतात, ती शाळेतल्या मुलीसारखी खाली बघत म्हणाली, “मी पाहिलंच नव्हतं, आई.”

गाविनाने एफिसियोला निखारे तळावर पसरायला सांगितले, ओली लाकडं बाहेर फेकायला लावली आणि कोरडी मागवली. घाईघाईत त्याने एक जळतं लाकूड तसंच उचललं आणि अंगठा भाजून घेतला. मग ती म्हणाली की आता अर्धा तास कोणी काही करायचं नाही, कॉफी ठेवा.

अर्धा तास दोघी जावा एका खोलीत बसल्या. लोरेदानाने कॉफी दिली. गाविनाने पहिला घोट घेतला आणि साखर कमी आहे म्हणाली. बोनारिया म्हणाली की या घरात कॉफी अशीच असते. अकरा वर्षांत दोघींमध्ये झालेलं हे पहिलं बोलणं. तोनिना आणि लोरेदाना एकमेकींकडे बघायचं टाळत होत्या, कारण बघितलं असतं तर दोघींना हसू फुटलं असतं.

*

छत पांढरं झालं तेव्हा गाविना भट्टीपुढे बसली. फळी तिच्या हातात आली आणि पहिली पोळी आत गेली. क्षणभर काही झालं नाही, मग कडेला हवा शिरली, पोळी सगळीकडून उचलली गेली आणि गच्च फुगून थरथरायला लागली. एफिसियोने सुरी फिरवली. दोन पदर सुटले, पातळ, अखंड, आणि त्याच्या चेहऱ्यावर कोकरू जन्मल्यावर येतं तसं हसू आलं.

दुसरी फुगली. तिसरीही. बोनारिया खुर्चीतून मोजत होती, आधी मनात, मग मोठ्याने. एकतीसपर्यंत ती न थांबता मोजत गेली. बत्तिसाव्याला गाविनाचा खांदा वर उचलेना. तिने फळी टेकवली, दोनदा प्रयत्न केला आणि म्हणाली, “माझं झालं. आता ही बसेल.”

बोट लोरेदानाकडे होतं.

“ती?” बोनारिया म्हणाली. “तिला काय येतं?”

“तू या घरात आलीस तेव्हा तुला काय येत होतं? तुझी पहिली पोळी कुत्र्यानेसुद्धा हुंगून सोडली होती.”

“कुत्रा आजारी होता, वहिनी.”

‘वहिनी’ हा शब्द तिच्या तोंडून गेला आणि मग तिलाही ऐकू आला. गाविनाने लोरेदानाच्या खांद्यांवर हात ठेवून तिला बसवली.

मग सुरू झाला गोंधळ. गाविना पाठीमागून सांगत होती, फळी सपाट धर, झटक्यात ओढ. बोनारिया समोरून सांगत होती, तिरकी धर, सावकाश ओढ. दोघींनी आयुष्यभर एकच काम केलं होतं आणि दोघींच्या रीती वेगळ्या होत्या. पहिली पोळी दुमडली. दुसरी भिंतीला चिकटली. लोरेदानाच्या डाव्या हाताला चटका बसला, मग उजव्या हाताला. तिसरी पोळी फळीवर घेऊन ती थांबली आणि मान न वळवता म्हणाली, “एकीने बोला. नाहीतर दोघी गप्प बसा.”

नऊ वर्षांत या मुलीने मीठ द्या एवढंही इतक्या मोठ्याने म्हटलं नव्हतं. दोघी म्हाताऱ्या गप्प बसल्या. लोरेदानाने फळी थोडी तिरकी धरली आणि झटक्यात ओढली, अर्धी रीत एकीची आणि अर्धी दुसरीची. पोळी तळावर बसली, एक क्षण तशीच राहिली आणि टम्म फुगली.

“बत्तीस,” बोनारिया म्हणाली.

त्यानंतर थांबणं नव्हतं. तोनिना लाटायला बसली आणि तिचे हात आता सरळ चालत होते. पन्नास, साठ, ऐंशी. लोरेदानाचं तोंड घामाने चमकत होतं, केस पिठाने पांढरे झाले होते, आणि प्रत्येक पोळी फुगली की ती लहान मुलीसारखी जिभेचं टोक बाहेर काढत होती. आपल्याला इतका आनंद कधी झाला होता ते तिला आठवेना.

एकशे दहाव्या पोळीला घात झाला असता. पोळी जास्तच फुगली, बाहेर काढताना फळीवर डोलली आणि कडेवरून घसरली. बोनारियाने कॉफी पिताना उजवा मोजा काढला होता आणि तो परत घातलाच नव्हता. हे कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. पोळी जमिनीवर पडताना दिसली आणि पन्नास वर्षांची सवय तिला खुर्चीतून उठवून घेऊन गेली. काठी नाही, आधार नाही, खडूची रेघ ओलांडून तिचा उघडा हात भट्टीच्या तोंडाशी गेला.

गाविनाने आपला हात मधे घातला. बोनारियाचा हात तिच्या हातावर आदळला आणि गाविनाचा हात तापलेल्या लोखंडी झाकणाला टेकला. चर्र असा आवाज सगळ्यांनी ऐकला.

पोळी पडली. एफिसियोने ती उचलून ओठांना लावली, पडलेल्या पावाला लावतात तशी. तोनिना धावत आली आणि आधी आईचा हात उलटसुलट करून पाहिला. तो कोरा होता. मग तिने काकूचा हात पाहिला आणि बघतच राहिली.

“बघतेस काय,” गाविना म्हणाली. तिचे डोळे वेदनेने भरले होते, पण आवाज जागच्या जागी होता. “माझ्या हाताला कोणी तारीख दिलेली नाही. हिला खुर्चीत बसव.”

बोनारियाला खुर्चीत बसवलं. तिला रडू फुटलं आणि तिने ते लपवलं नाही. लोरेदाना थंड पाण्याची बादली घेऊन आली, गाविनाने त्यात हात बुडवला, आणि ती बादली दोन खुर्च्यांच्या मधे राहिली.

“भट्टी तुमच्या वाट्याला यायला हवी होती, वहिनी,” बोनारिया म्हणाली.

“हे अकरा वर्षांपूर्वी बोलायचं होतंस.”

“तेव्हा माझे पाय चालत होते.”

“म्हणजे पुन्हा चालायला लागलीस की शब्द फिरवशील.”

“फिरवीनही.”

“मग हे तिघे साक्षीदार आहेत.” गाविनाने बादलीतला हात हलवला. “आणि तू खुर्चीतली म्हातारी, असं काहीतरी मघाशी बोलत होतीस. अंगणात ऐकू येत होतं. एकशे दहा पोळ्या मोजल्या कोणी? आम्हाला कोणाला आकडा ठाऊक आहे का?”

बोनारियाने कोटाच्या बाहीने डोळे पुसले, मोजा चढवला आणि लोरेदानाला म्हणाली, “एकशे अकरा. सोड.”

दुपार कलली तेव्हा एकशे नव्वद पोळ्या कडक भाजून कापडावर रचल्या होत्या. घरातल्या सगळ्यांनी घरातल्याच पोळ्या चीजबरोबर खाल्ल्या, करपलेल्या कडांसकट. संध्याकाळी सातला तोनिनाने आईला खिडकीपाशी बसवलं आणि मोजलं. उजव्या हातावर चौदा, डाव्यावर नऊ. तिने पुन्हा एकदा मोजलं, आणि मग आईच्या तळहातात तोंड लपवलं.

*

सोमवारी गाविना गाडीत पुढच्या सीटवर आधीच जाऊन बसली होती. तिला कोणी बोलावलं नव्हतं, आणि कोणी उतरवण्याच्या भानगडीत पडलं नाही.

हॉस्पिटलात सिस्टर मार्चचीच होती. तिने बोनारियाला ओळखलं आणि बाह्या वर करायची खूण केली. बोनारियाने दोन्ही हात पुढे धरले. सिस्टरने चष्मा लावला, दिवा जवळ ओढला, मनगटं वळवली, बोटांच्या बेचक्या पाहिल्या. मग पुन्हा पहिल्यापासून पाहिल्या, कारण तिचा विश्वास बसत नव्हता.

“अगदी कोरे आहेत,” ती म्हणाली.

“मग? दहा दिवस ताटाखालचं मांजर होऊन बसलेय.”

सिस्टर हसली आणि कागद भरायला बसली. औषधं, ॲलर्जी, शेवटचं जेवण, दातांची कवळी. शेवटचा प्रश्न होता, घरी गेल्यावर सहा आठवडे बघायला कोण आहे?

“दार उघड आणि बघ,” बोनारिया म्हणाली.

सिस्टरने दार उघडलं. बाकावर चौघं ओळीने बसली होती. एफिसियोच्या अंगठ्याला पट्टी होती, तोनिनाच्या मनगटाला, लोरेदानाच्या दोन्ही हातांना. टोकाला बसलेल्या गाविनाच्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत पांढरं बँडेज होतं आणि ती लोरेदानाला काहीतरी रागावून सांगत होती.

सिस्टरने त्यांच्याकडे पाहिलं, बोनारियाच्या कोऱ्या हातांकडे पाहिलं. ती परत येऊन बसली आणि पेन उघडलं.

“इथे एकाच नावाची जागा आहे,” ती म्हणाली.

“मग बारीक अक्षरात लिही,” बोनारिया म्हणाली आणि थोरल्या जावेपासून सांगायला सुरुवात केली.